घरात सून आली, कागदात आली का?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



भावाचा विषय दुपारच्या सत्रात आहेच. त्याआधी अर्धा तास आम्ही एक घरगुती विषय मांडणार आहोत. तो वाटतो घरगुती, पण त्यात दोन-दोन लाखांचा हिशेब आहे आणि तो चुकला की भरडली जाते ती घरातली सर्वांत नवी बाई. विषय असा, की पोराचं लग्न झालं, दोघांनी एकत्र संसार मांडला, म्हणजे घरातल्या विम्याच्या कागदांचं काय करायचं?

लग्नात आपण सगळा हिशेब करतो. मांडव किती, वाजंत्री किती, पंगत किती, कुणाकडून किती उसने. सोयरिक जमवताना मुलाकडं शेती किती, विहिरीला पाणी किती, हे मुलीचा बाप खोदून खोदून विचारतो. पण मुलगा उद्या विजेच्या तारेला चिकटला तर माझ्या मुलीच्या हातात काय येईल, हे कुणी विचारत नाही. ते अभद्र वाटतं. अक्षता पडल्या की अभद्र बोलायचं नाही, अशी आपली रीत आहे. रीत चांगली आहे, पण साप, वीज आणि फवारणीचं औषध ही रीत पाळत नाहीत. म्हणून हळद निघाल्यावर, पाहुणे गेल्यावर, एक संध्याकाळ या कामाला द्यावी, एवढंच आमचं मागणं आहे.

माहेरातून निघाली, सासरी पोचली नाही

सुरुवात सरकारी अपघात योजनेपासून करू. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना सगळ्यांना ऐकून माहीत आहे. आधी तिचा विमा कंपन्यांमार्फत चालायचा. कंपन्या दावे अडवतात अशी ओरड झाली. मग २०२३ साली शासनानं कंपनीला बाजूला काढलं आणि सानुग्रह अनुदान म्हणून रक्कम स्वतः द्यायचं ठरवलं. शेतकऱ्याला हप्ता भरावा लागत नाही. अपघाती मृत्यू झाला किंवा दोन अवयव, दोन डोळे गेले तर दोन लाख. एक डोळा किंवा एक अवयव गेला तर एक लाख. सर्पदंश, विंचूदंश, वीज पडणं, विजेचा धक्का, पाण्यात बुडणं, औषध हाताळताना होणारी विषबाधा, उंचावरून पडणं, रस्त्यावरचा अपघात, जनावराचा हल्ला, हे सगळं त्यात धरलं आहे. आजारानं आलेला मृत्यू आणि आत्महत्या धरलेली नाही.

आता हे संरक्षण कुणाला आहे ते नीट ऐका. सातबारावर ज्याचं नाव आहे तो खातेदार शेतकरी, आणि त्याच्या घरातला खातेदार नसलेला आणखी एक जण. असे दोघे, वय १० ते ७५. हा आणखी एक जण कोण असू शकतो? शासनानं यादी दिली आहे: आई-वडील, पती किंवा पत्नी, मुलगा आणि अविवाहित मुलगी.

या यादीत सून कुठं आहे? नाही.

समजा बापाच्या नावावर सहा एकर कोरडवाहू आहे. पऱ्हाटी आणि ज्वारी. मुलगा खातेदार नाही, पण मुलगा म्हणून यादीत बसतो. त्याचं लग्न झालं. मुलगी लग्नाआधी तिच्या बापाच्या खात्यावर अविवाहित मुलगी म्हणून बसत होती. अक्षता पडल्या आणि त्या खात्यातून ती निघाली. सासरी आली, तर सासऱ्याच्या खात्याच्या यादीत सून नाही. म्हणजे एका कागदातून निघाली आणि दुसऱ्यात पोचलीच नाही. तीच बाई दिवसभर पऱ्हाटीत वाकून निंदते, वेचणीला पहिली रांग धरते, फवारणीसाठी पाणी आणते. साप चावायची शक्यता खातेदाराइतकीच, कदाचित जास्तच. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, ती आपण विसरलो नाही. विषाला सातबारा वाचता येत नाही.

गंमत पुढं आहे. अपघात झाल्यावर रक्कम कुणाला द्यायची याचाही क्रम शासनानं लावला आहे. त्यात पती-पत्नी पहिले आणि शेवटाकडं सून आहे. म्हणजे दुसऱ्याच्या मरणाचे पैसे घ्यायला सून सरकारला आठवते, पण ती स्वतः मेली तर ती शेतकऱ्याच्या घरातली नाही!

मग उपाय काय? जमीन मुलाच्या नावावर झाली की तो स्वतः खातेदार होतो आणि त्याची बायको शेतकऱ्याची पत्नी म्हणून यादीत बसते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ प्रमाणे सहहिस्सेदारांची सहमती असेल तर तहसीलदाराकडे अर्ज करून वाटप करून घेता येतं. नवऱ्यानं आपल्या हिश्श्यातली जमीन बायकोच्या नावावर केली तर ती स्वतःच खातेदार. मग तिला कुणाच्या यादीत बसण्याची गरज उरत नाही. घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करा, असं शेतकरी चळवळीनं लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात सांगितलं, त्याला तीस वर्षांहून अधिक काळ झाला. तेव्हा तो मानाचा प्रश्न म्हणून मांडला होता. आज त्याला विम्याचा हिशेबही जोडा.

इथं म्हातारी माणसं हलतात, ते आम्हाला दिसतं. जमीन पोराच्या नावावर केली आणि त्यानं आम्हाला ओसरीवर टाकलं तर? ही भीती खोटी नाही. म्हणून सगळी जमीन देऊ नका. बापानं आपला हिस्सा आपल्या नावावर ठेवावा, आईचं नाव लावावं आणि पोराला त्याचा हिस्सा द्यावा. यात बापाचं संरक्षण बापाकडं राहतं, पोराचं पोराकडं आणि सुनेला जागा मिळते. मात्र तुकडेबंदीचा नियम विचारून घ्या. फार लहान तुकड्याची नोंद अडते.

अपघात झालाच तर अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत जायला हवा. सातबारा, मृत्यूचा दाखला, वारसाची नोंद, वयाचा पुरावा, पोलिसांचा किंवा पोलीस पाटलाचा कागद लागतो. साप चावला तर आधी दवाखाना गाठा आणि तिथं सर्पदंश म्हणून नोंद करून घ्या. मांत्रिकाच्या ओट्यावर कुठलाही कागद मिळत नाही.

रेशनकार्डावर किती माणसं?

दुसरा कागद रेशनकार्ड. आपण त्याला गहू-तांदळाचा कागद समजतो. पण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत, या दोन्हींचा उपचार मिळवताना घरातला माणूस कोण, हे या कार्डावरून पाहिलं जातं. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार, असा राज्यानं २०२३ साली निर्णय केला. पाच लाख घराला आहेत, पण घर म्हणजे कार्डावरची नावं.

नव्या सुनेचं नाव बहुधा माहेरच्या कार्डावर असतं. वर्ष जातं, दोन वर्षं जातात. पहिलं बाळ होतं, तेही कुठल्याच कार्डावर नसतं. मग मोठ्या शस्त्रक्रियेची वेळ येते आणि खिडकीवरचा माणूस म्हणतो, हिचं नाव या कार्डात नाही. त्या दिवशी तहसीलला पळून उपयोग नाही. माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला घ्या, सासरच्या कार्डात नाव चढवा आणि लगेच आरोग्य कार्ड काढून ठेवा. मुलीच्या बापाला आम्ही सांगतो, लेकीला पाठवताना साड्यांच्या घडीत हा दाखला ठेवा. आणि नाव कमी केल्यावर ते दुसरीकडं चढलं की नाही, हे विचारत राहा. मधल्या काळात ती दोन्हीकडं नसते.

मे महिन्यातलं रिकामं खातं

तिसरा कागद बँकेचं पासबुक. २०१५ साली केंद्र सरकारनं दोन स्वस्त विमे काढले. जीवन ज्योती विम्याचा हप्ता वर्षाला ४३६ रुपये. कोणत्याही कारणानं मृत्यू आला तर दोन लाख. त्यात १८ ते ५० वयात शिरता येतं आणि हप्ता भरत राहिलं तर ५५ पर्यंत संरक्षण चालतं. नव्यानं शिरल्यावर पहिले तीस दिवस फक्त अपघाती मृत्यूच धरतात. दुसरा सुरक्षा विमा. हप्ता २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला दोन लाख.

नवरा-बायको दोघांचे दोन्ही विमे धरले तर वर्षाला ९१२ रुपये होतात. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या भावानं हा सव्वाअकरा किलो कापूस झाला. संकरित ज्वारीच्या ३,६९९ च्या भावानं पंचवीस किलो ज्वारी. तोही हमीभाव हातात पडला तर! पण व्यापाऱ्यानं भाव पाडला तरी पंधरा किलोच्या आत काम होतं. एवढा कापूस वजनकाट्यावर आणि मातऱ्यात दरवर्षी जातो.

अडचण पैशापेक्षा वेळेची आहे. या विम्यांचं वर्ष १ जून ते ३१ मे. हप्ता मे महिन्याच्या शेवटी खात्यातून आपोआप कापला जातो. आणि मे महिना कोरडवाहू शेतकऱ्याचा कसा असतो, ते सरकारला कुणी सांगावं? कापूस विकून झालेला, पैसा बियाण्याला आणि खताला गेलेला, खात्यात चाळीस रुपये. हप्ता कापला जात नाही, विमा बंद पडतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून १५ मेच्या आत दोघांच्या खात्यात प्रत्येकी पाचशे रुपये ठेवून द्या आणि जूनमध्ये पासबुकावर नोंद पाहून घ्या.

नव्या सुनेचं खातं माहेरच्या गावच्या शाखेत असतं. तिथं विमा असेल तर वारस म्हणून बाप किंवा भाऊ लिहिलेला असतो. मुलाच्या विम्यात आई लिहिलेली असते. दोघांनी एकदा शाखेत जाऊन नाव बदलायचं की ठेवायचं ते ठरवावं. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. पण वारसाचं नाव आधारवर जसं आहे तसंच लिहा. आधारवर माहेरचं आडनाव आणि विम्यात सासरचं असेल, तर दावा करताना दोन्ही बाई एकच आहेत हे सिद्ध करत बसावं लागतं.

जनधनच्या रूपे कार्डावरही अपघात विमा आहे. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्याला तो दोन लाखांचा आहे. पण अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत कार्ड एकदा तरी वापरलेलं हवं. आपल्या बाया कार्ड पेटीत लुगड्याखाली ठेवतात. तिथं ते सुरक्षित राहतं, पण विमा मरतो.

पॉलिसीवर कुणाचं नाव?

पोराच्या नावावर एखादी आयुर्विम्याची पॉलिसी असते. पंधरा वर्षांपूर्वी गावातल्या एजंटानं उतरवलेली. वारस म्हणून बापाचं नाव. लग्नानंतर ते आपोआप बदलत नाही. भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे नोकरदाराच्या फंडात, कुटुंब नसताना केलेलं नामनिर्देशन लग्नानंतर बाद होतं. आयुर्विम्यात तसं नाही. कागदावर जे नाव आहे तेच राहतं.

पूर्वी कायदा असा होता, की नाव लिहिलेला माणूस फक्त पैसे उचलणारा. खरी मालकी वारसांची. सर्वोच्च न्यायालयानं १९८४ साली तसं स्पष्ट केलं होतं. २०१५ साली विमा कायद्याचं कलम ३९ बदललं. आता आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं यांपैकी कुणाचं नाव लिहिलं असेल तर ते त्या पैशाचे लाभार्थी होतात. या कलमाच्या अर्थावर कोर्टात अजूनही वाद चालतात. पण वाद खेळायला वकील लागतो, आणि पंचवीस वर्षांच्या विधवेकडं वकिलाचे पैसे कुठून येणार? म्हणून कोर्टाची पाळी येऊ नये असा कागद करावा.

इथं सासू-सुनेचं भांडण लावायचा आमचा हेतू नाही. बायकोचं नाव घालायचं म्हणजे आईचं पुसायचं, असं मुळीच नाही. पॉलिसीवर दोघींची नावं हिश्श्यासह लिहिता येतात. म्हाताऱ्या आईचं पोट आणि तरुण बायकोचं पोट, दोन्ही त्याच माणसावर होती. ती विभागणी त्यानं जिवंतपणी स्वतःच्या सहीनं केली तर नंतर कुणी कुणाला बोल लावत नाही.

नवी पॉलिसी घेत असाल तर १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली घ्या. एजंट हे सहसा सांगत नाही. पॉलिसी घेतानाच तसा अर्ज भरायचा असतो. या कायद्याखाली बायको-मुलांसाठी काढलेली पॉलिसी त्यांची ठेव होते. नवऱ्याच्या कर्जापोटी सावकाराला किंवा बँकेला ती सहसा ओढता येत नाही. कर्जबाजारी शेतकऱ्याच्या घरात याचं मोल वेगळं सांगायला नको. मात्र एकदा अशी पॉलिसी काढली की ती गहाण टाकून बियाण्याला पैसे उचलता येत नाहीत. हे माहीत असूनच सही करा.

मोटारसायकल आणि मागं बसणारी

लग्नात मोटारसायकल घेऊ-देऊ नका, हे आम्ही प्रत्येक सभेत सांगतो. तरी ती दारात येते. मग निदान तिचे कागद पाहा. गाडी सासऱ्याच्या नावावर, चालवणारा जावई. विम्यातला १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा हा नोंदणीकृत मालक स्वतः चालवत असेल आणि त्याच्याकडं परवाना असेल तरच आहे. जावई मालक नाही, म्हणून त्याला काही नाही. गाडी आणि विमा दोन्ही चालवणाऱ्याच्या नावावर करून घ्या.

आणि मागं कोण बसतं? बायको, बहुतेक वेळा मांडीवर लेकरू घेऊन. कायद्यापुरता सर्वांत स्वस्त विमा घेतला असेल तर आपल्याच चुकीनं झालेल्या अपघातात मागं बसलेल्याची भरपाई सहसा त्यात बसत नाही. सर्वसमावेशक विम्यात बसते. विमा घेताना काउंटरवर हा एक प्रश्न विचारा आणि उत्तर पॉलिसीवर छापलेलं पाहा.

चूल वेगळी झाली तर

काही घरांत लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत चूल वेगळी होते. खातेफोड झाली तर पीक विमाही वेगळा झाला, हे लक्षात असू द्या. नव्या खात्याचा शेतकरी ओळख क्रमांक, ई-पीक पाहणी आणि विम्याचा अर्ज, सगळं नव्यानं करावं लागतं. राज्यातला एक रुपयाचा विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. आता ज्वारीला खरिपात विमा रकमेच्या दोन टक्के आणि कापसाला पाच टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याला भरावा लागतो. बापानं भरला म्हणून पोराच्या तुकड्याला तो लागू होत नाही.

पाट लावला असेल, लग्न नोंदलं नसेल तर

एक गोष्ट सभेत बोलली जात नाही, ती आम्ही बोलतो. गावोगावी कमी वयात विधवा झालेल्या बाया आहेत. त्यातल्या काही जणी दुसरं घर करतात. कुठं पाट लावतात, कुठं नुसता घरोबा. समाज हळूहळू मान्य करतो, कागद करत नाही. दहा वर्षं संसार केलेल्या बाईला दाव्याच्या वेळी विचारतात, लग्नाचा पुरावा काय? ज्यांना लग्न करता येतं त्यांनी ग्रामपंचायतीत १९९८ च्या कायद्याप्रमाणे नोंद करून घ्यावी. लग्नाला कितीही वर्षं झाली असली तरी चौकशी करा. ज्यांची नोंद होऊ शकत नाही, त्यांनी निदान बँकेच्या विम्यात आणि पॉलिसीत त्या बाईचं नाव स्पष्ट लिहावं. कलम ३९ चा लाभ पती-पत्नीला आहे. नुसत्या घरोब्यातल्या बाईचं नाव पैसे उचलण्यापुरतं उरू शकतं आणि वारस ते मागू शकतात. म्हणून सोबत मृत्युपत्रही करून ठेवावं. मृत्युपत्र साध्या कागदावर होतं. दोन साक्षीदार लागतात, तेही त्या बाईशिवाय दुसरे.

आता ठराव

भावांनो, विम्यानं शेती फायद्याची होत नाही. भाव मिळाला तर शेतकरी आपला विमा आपण विकत घेईल, त्याला कुणाच्या अनुदानाची गरज नाही. ही आमची भूमिका आहे तिथंच आहे. पण भाव मिळेपर्यंत माणसं मरायची थांबत नाहीत, आणि जे आपल्या हक्काचं आहे ते अज्ञानापोटी सोडायचं कारण नाही.

या बैठकीपुढं दोन गोष्टी ठेवतो. पहिली सरकारसाठी: अपघात योजनेतल्या कुटुंबाच्या यादीत 'सून' हा शब्द घालावा आणि एका सदस्याची मर्यादा काढून शेतात राबणारं प्रत्येक माणूस धरावं. त्याचं निवेदन तयार आहे, सह्या करूनच उठा.

दुसरी आपल्यासाठी: गेल्या दोन वर्षांत ज्या घरात लग्न झालं, त्या घरच्यांनी सातबारा, रेशनकार्ड, दोन्ही पासबुकं, पॉलिसी आणि गाडीचा विमा एका पिशवीत घालून पुढच्या गावबैठकीला आणावा. येताना सुनेलाही आणावं. प्रत्येक कागदावर तिचं नाव कुठं आहे, ते तिनं स्वतः बोट ठेवून दाखवावं. जिथं बोट ठेवायला जागा नसेल, तिथला अर्ज आपण तिथंच बसून लिहू.